फ्रीझरमधला कंदील

“दिव्याचं तू त्याला विचारलंस? त्याला?”

“हो, त्यालाच विचारलं. किती वेळा सांगू? स्टँपपेपरवर लिहून देऊ का?”

“घरात इलेक्ट्रिशियन बसलाय, आणि तू हॉस्पिटलात खाटा ढकलणाऱ्याला विचारतेस कंदील कुठला घ्यायचा!”

“तो खाटा ढकलतो, आणि दर हिवाळ्यात युकम्बीनच्या तळ्यावर मासे धरायलाही जातो. तुम्ही गेलात का कधी?” सुनेत्राने परातीतल्या पिठावर पाण्याचा हबका मारला. “ज्याला तिथली थंडी माहीत, त्याला विचारलं. काऊन विचारू नये?”

“थंडी वेगळी आणि दिवा वेगळा.”

“तिथे वेगळा नसतो.”

“हे तो म्हणाला?”

“हो, तोच म्हणाला.”

सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या प्रतीक्षाने मान वर न करता सांगितलं, “बाबा, यू आर जेलस.”

“जेलस कसला! सेफ्टीचा प्रश्न आहे,” मुरलीधर म्हणाला. स्टीलवर्क्समधून सेफ्टी हा शब्द त्याने घरी आणला होता, आणि दुसरा कुठलाही मुद्दा उरला नाही की तो हाच काढायचा.

मुरलीधर रामटेके पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समध्ये इलेक्ट्रिकल फिटर. भंडारा जिल्ह्यातलं गाव, आयटीआय, चंद्रपूरच्या वीज केंद्रात काही वर्षं नोकरी, मग स्किल्ड व्हिसा आणि वॉलॉंगॉंग. डॅप्टोला त्याचं विटांचं घर होतं आणि त्या घरातला एकेक दिवा त्याने स्वतः बसवलेला होता. बुद्धजयंतीला किंवा चौदा एप्रिलला सिडनीत हॉल घेतला की माइक आणि लाइटिंग त्याच्याकडे. दीक्षाभूमीच्या देखाव्यामागे निळे दिवे असे लावायचा की लोक आधी देखाव्याचा फोटो काढायचे आणि मग स्वतःचा. “लाइट ना? रामटेकेंना सांगा,” एवढं म्हटलं की कमिटीचा विषय संपायचा.

याच्याही मागे एक गोष्ट होती. त्याचा बाप गॅसबत्तीवाला होता. लग्नाच्या वरातीत दुसऱ्यांच्या दारापासून दुसऱ्यांच्या दारापर्यंत डोक्यावर बत्ती घेऊन चालणारे पुष्कळ होते, पण बत्ती पेटवणारा, पंप मारणारा, फाटलेली जाळी दोन बोटांनी नवी बांधणारा पंचक्रोशीत त्याचाच बाप. त्याची बत्ती वरातीत मध्येच विझली असं कुणी ऐकलं नव्हतं. मंडपात बापाला पाणी वरून ओतून द्यायचे, पण बत्ती फुरफुरली की सगळे त्याच्याच तोंडाकडे बघायचे. मुरलीधरने ते बघणं लहानपणी पाहिलं होतं. दिव्याचं काय ते आपल्याला विचारतात, ही त्याच्या घरातली एकुलती एक इस्टेट होती आणि ती त्याच्याकडे आली होती.

आणि आता त्याची बायको झोरानला विचारत होती.

झोरान मूळचा मॅसेडोनियाचा. त्याचा बाप याच स्टीलवर्क्सच्या भट्टीवर राबून गेलेला. झोरान मात्र हॉस्पिटलात वॉर्ड्समन होता, सुनेत्रा कामाला होती त्याच डायलिसिसच्या मजल्यावर. साठीला आलेला, बायको वारलेली, पोट सुटलेलं, डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी. मुरलीधरने त्याला दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा त्याचं पोट बघून बरं वाटलं होतं. पण ते बरं वाटणं घरी पोहोचेपर्यंत टिकायचं नाही.

सुनेत्राची आई गेली तेव्हा तिकीट मिळून ती भंडाऱ्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यावर ती बरेच दिवस शिफ्ट संपली की घरी न येता लेक इलावाराच्या काठावर गाडी लावून बसायची. मुरलीधर तेव्हा ओव्हरटाइम करत होता. तिथे एका संध्याकाळी झोरान गळ टाकून उभा होता. त्याने काही विचारलं नाही. हातातला रॉड तिच्याकडे दिला आणि म्हणाला, जरा धर, मी कॉफी आणतो. तिने धरला. लहानपणी गावच्या तलावात आईच्या जुन्या लुगड्याने झिंगे गाळलेल्या बाईला दोरीची ओढ कळायला वेळ लागला नाही. झोरान परत येईपर्यंत तिने एक फ्लॅटहेड मासा काढला होता.

हे सगळं सुनेत्राने घरी हसत हसत सांगितलं होतं. मुरलीधरला त्यातलं नेमकं एकच लक्षात राहिलं, की तिने ते हसत सांगितलं. आई गेल्यावर ती हसली होती, ते पहिल्यांदा या माणसाच्या गोष्टीत.

त्यानंतर झोरान घरात शिरत गेला, प्रत्यक्ष नाही, पण वस्तूंमधून. गॅरेजमध्ये रॉड आले. फ्रीजच्या दारात झोरानच्या बहिणीने, वेराने केलेल्या अयवारची बाटली आली. भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी ती, पण गोडसर. सुनेत्रा भाकरीला ती लावून खाऊ लागली. मुरलीधरने खलबत्त्यात कुटलेला ठेचा त्याच दारात, त्याच कप्प्यात, मागे सरकला.

“पंचशील म्हणतेस आणि मासे मारतेस,” एकदा त्याने सुनावलं होतं.

“बोंबील खाताना तुम्हाला शील आठवत नाही ते!” तिने तिथल्या तिथे परत केलं होतं.

आणि आता जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, युकम्बीन. बर्फाच्या डोंगरांतलं मोठं तळं. या दिवसांत खाडीसारख्या कोपऱ्यांत काठाला पातळ बर्फ धरतो. ट्राउट मासा उजाडायच्या आत काठाशी येतो, म्हणून माणसं काळोखातच जाऊन उभी राहतात. हातमोजे काढायचे, बधिर बोटांनी गळ बांधायचा, गोठलेल्या दगडांवरून पाऊल टाकायचं. दिवा विझला तर माणूस कुठे घसरेल सांगता येत नाही. झोरान, वेरा, सुनेत्रा आणि चौथी जागा मोकळी, असे सगळे झोरानच्या गाडीने शुक्रवारी दुपारी निघणार होते. वॉर्डातली केरळची अंजू येते म्हणून मागे लागली होती, पण सुनेत्राने तिला अजून हो म्हटलं नव्हतं. का नाही म्हटलं, हे मुरलीधरने विचारलं नाही. त्याला वाटत होतं, ती चौथी जागा आपल्याला कुणी देऊन तर बघावी. म्हणजे नको म्हणता येईल. किंवा हो म्हणता येईल. पण विचारलं तर पाहिजे.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सुनेत्रा झोरानचा स्वतःचा कंदील घेऊन आली. “नवीन घेऊ नको म्हणाला. माझ्याकडे दोन आहेत, हा ने.” हिरवट रंगाचा, एलईडीचा, तांब्याएवढा दिवा. त्याला माशाचा वास होता. चार सेल, प्रत्येकावर निळ्या मार्करची रेघ.

“रेघ कशाला?”

“त्याचे सेल लिथियमचे असतात. थंडीत साधे सेल बसतात म्हणे. साध्यांत मिसळू नयेत म्हणून खूण.”

“मला सांगते,” मुरलीधर म्हणाला, आणि त्याच दिवशी दुपारी जाऊन त्याने कॅम्पिंगच्या दुकानातून गॅसवर चालणारा कंदील आणला. काचेच्या आत पांढरी जाळी, खाली बुटेनचा डबा. पेटवला की तोच फुस्स आवाज, तोच पांढराशुभ्र उजेड. मागच्या अंगणात तो पेटवून मुरलीधर त्याच्याकडे बघत उभा राहिला. प्रतीक्षा बाहेर येऊन म्हणाली, “ओके, दॅट्स प्रिटी.” सुनेत्राने खिडकीतून पाहिलं. “उजेड छान आहे,” म्हणाली. “पण थंडीत?”

“थंडीत बघू की. त्यात काय आहे!”

बघायची त्याची रीत ठरलेली होती. कामावर कुठलाही भाग बसवायच्या आधी तो टेस्ट केल्याशिवाय हात लावत नसे. गॅरेजमध्ये आडवा चेस्ट फ्रीझर होता, तो युकम्बीनपेक्षा थंड. सकाळची शिफ्ट करून तो घरी आला तेव्हा दोघी बाहेर होत्या. त्याने भेंडीच्या पिशव्या, खोवलेल्या नारळाचे डबे, खिमा असं सगळं एका बाजूला लोटलं आणि दोन्ही कंदील आत ठेवले. एक त्याचा, एक झोरानचा. झाकण लावलं, चहा केला, चहा पिऊन कपडे वाळत घातले. मग दोन्ही कंदील अंगणात काढले.

झोरानचा दिवा बटण दाबताच लागला. आधीइतकाच.

त्याच्या कंदिलाला त्याने काडी लावली. निळी ज्योत आली, जाळीच्या पायाशी थरथरली आणि गेली. दुसरी काडी. डबा हातात घेऊन हलवला, आत गॅस होता, खळखळत होता, पण वर यायला तयार नव्हता. बुटेन गोठणबिंदूच्या आसपास सुस्त होतो हे त्याने कधीतरी वाचलं होतं. खरं तर त्याला ते माहीत होतं. दुकानात जाळी बघितली आणि माहीत असलेलं त्याला आठवलं नाही, एवढंच.

बाजूला झोरानचा दिवा दिवसाउजेडी लागलेला होता.

मुरलीधरने पुन्हा दोन्ही आत ठेवले. पुन्हा तेच झालं. बापाची बत्ती वरातीत कधी विझली नव्हती, आणि याची अंगणात, कुणी नसताना, दोनदा.

मग त्याने झोरानच्या दिव्याचं बूड उघडलं. चार सेल एकामागे एक, मालिकेत जोडलेले. अशा जोडणीत एखाददुसरा सेल बसला की बाकीचे कितीही ताजे असले तरी त्यांना घेऊनच तो बसतो. त्याने निळ्या रेघेचे दोन काढले. आत जाऊन टीव्हीच्या जुन्या रिमोटमधले दोन साधे, अर्धमेले सेल काढून दिव्यात घातले आणि निळ्या रेघेचे दोन रिमोटमध्ये बसवून झाकण लावलं. हे सगळं त्याने तितक्याच नीटपणे केलं जितक्या नीटपणे तो कामावरचं पॅनल बंद करायचा. हात एकदाही थांबला नाही.

रात्रीची भाजी ताटात पडत असताना त्याने फ्रीझरमधून झोरानचा दिवा आणून टेबलावर ठेवला. त्याच्यावर पांढरी बुरशी यावी तसा हिमाचा थर होता.

“आता बघा.” त्याने बटण दाबलं. दिवा पिवळट लागला, मंद होत गेला, आणि डाळीची वाटी प्रतीक्षाच्या हातातून सुनेत्राच्या हातात जाईपर्यंत विझला.



“हा तुमचा थंडीतला दिवा,” मुरलीधर म्हणाला.

त्याची तयारी होती. ती भांडेल, तुमच्या फ्रीझरचं काय सांगता म्हणेल, झोरानला विचारते म्हणेल, आणि मग तो मालिका, व्होल्टेज, सगळं काढणार होता. पण सुनेत्राने दिवा उचलला, बटण एकदा दाबून पाहिलं आणि बाजूला ठेवला.

“बरं झालं तुम्ही बघितलं,” ती म्हणाली. “मला कुठे कळणार होतं.”



जेवण झाल्यावर तिने तिथूनच झोरानला फोन लावला, स्पीकरवर. “झोरान, माय हजबंड टेस्टेड युअर लॅम्प. इन द फ्रीझर. इट डाइड.”

“इन द फ्रीझर!” पलीकडून मोठं हसू आलं. “गुड मॅन. मी इतकी वर्षं जातोय, असं करून बघायचं कधी सुचलं नाही. तो इलेक्ट्रिशियन आहे ना, तो म्हणतो तर तसंच असणार. मेट, ऐकतोयस का? दुसरा माझ्याकडे आहे तोही तसलाच आहे. तो पण नको ना आणू?”

मुरलीधरने टेबलावरचा भाकरीचा तुकडा बोटाने ढकलला. “नको,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मी बघतो काहीतरी.”

“नो वरीज. तू सांगशील ते नेऊ.”

फोन ठेवून सुनेत्राने ताटं एकात एक ठेवली. मग मुरलीधरकडे न बघता, मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, “तुम्हीच का येत नाही? गाडीत एक जागा आहे. मी अंजूला अडवून ठेवलंय कधीचं. म्हटलं, तुम्ही नाहीच म्हणाल, म्हणून विचारलं नव्हतं. पण दिव्याचं तुम्ही बघणार असाल तर मला भीती नाही.”

“बघतो शिफ्टचं,” मुरलीधर म्हणाला, आणि उठून हात धुवायला गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सुट्टी टाकली. स्मोकोच्या सुट्टीत चहा पिताना त्याने कुणी न विचारता सांगितलं, वीकेंडला मिसेसबरोबर युकम्बीनला चाललोय, ट्राउटला. थर्मल बनियन घेतले, तिच्यासाठी कानटोपी घेतली. कॅम्पिंगच्या दुकानात पुन्हा गेला आणि थंडीत चालणाऱ्या मिश्र गॅसचा डबा मागून घेतला. त्या डब्यावर त्याचा कंदील फ्रीझरमधून काढूनही पेटला, फुस्स करून, पांढराशुभ्र. म्हणजे आता सगळं खरंच झालं होतं, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याचा दिवा चालत होता. ती अंधारात पडणार नव्हती. झोरानच्या दिव्याचं काय व्हायचं ते होवो. निळ्या रेघेचे सेल परत घालावेत असं एकदा त्याच्या मनात आलं, पण परत घातले की दिवा लागणार, आणि लागला की तिने विचारलं असतं. सेल रिमोटमध्येच राहिले.

बुधवारी भाकरीबरोबर त्याने अयवार घेतली. सुनेत्रा बघत राहिली.

“कशी आहे?”

“बरी आहे. तिखट पाहिजे होती.”

“वेराला सांगा की मग. शुक्रवारी भेटेलच.” ती हसली, आणि या वेळी त्या हसण्यात दुसरं कुणी नव्हतं. मुरलीधरने आणखी एक भाकरी घेतली.

गुरुवारी तो शिफ्टला होता. सुनेत्राची सुट्टी होती. दुपारी बॅग भरताना तिचं स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. ते बंद पडलं होतं. त्या घरात सेलची एक रहाटी होती. घड्याळ थांबलं की रिमोटमधला सेल घड्याळात, रिमोट अडला की घड्याळातला जुना हातावर चोळून रिमोटमध्ये. नवीन पाकीट आणायचं रोज ठरायचं आणि कुणी आणायचं नाही. गावाकडच्या घरातही असंच चालायचं, इथेही तेच. तिने सोफ्यावरचा रिमोट उलटा केला, झाकण काढलं आणि एक सेल तळहातावर घेतला.

तो हलका लागला. साध्या सेलपेक्षा लिथियमचा हलका असतो, हे झोरानने तळ्याकाठी तिच्या एका हातावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा ठेवून दाखवलं होतं. तिने तो फिरवला. निळी रेघ.

 तिने गॅरेजमधल्या खोक्यात टाकलेला झोरानचा दिवा काढला. बूड उघडलं. दोन सेल निळ्या रेघेचे, दोन बिनरेघेचे. तिने रिमोटमधले दोन्ही सेल त्यांच्या जागी घातले, दिवा फ्रीझरमध्ये ठेवला, झाकण लावलं. नवरा जशी टेस्ट करतो तशीच केली. मध्ये तिने भाजी चिरली, अंजूला फोन केला, आणि बॅग पुन्हा उघडून त्यातला मोठ्या मापाचा थर्मल काढून कपाटात ठेवला.

मुरलीधर शिफ्टवरून आला. बूट दारात काढताना त्याला सुनेत्राने विचारलं नाही की आज उशीर का झाला. प्रतीक्षा ताटं मांडत होती. तो हातपाय धुऊन टेबलाशी आला, खुर्ची ओढली आणि तसाच उभा राहिला.

टेबलाच्या मध्ये झोरानचा दिवा लागलेला होता. त्याच्या अंगावरचा बर्फ वितळून खाली ठेवलेल्या पुसण्यात मुरत होता. उजेड पांढरा होता आणि हलत नव्हता.

“अरे,” मुरलीधर म्हणाला. “हा... कॉन्टॅक्ट लूज असेल त्या दिवशी. मी बघणारच होतो. कधीकधी स्प्रिंगला गंज...”

“मम्मा, हा चालतोय?” प्रतीक्षा म्हणाली. “बट इट डाइड. आय सॉ इट.”

सुनेत्राने भात वाढला. आधी मुलीला, मग त्याला, मग स्वतःला. त्याच्या ताटात त्याला लागतो तेवढाच, कडेला वरणाला जागा ठेवून.

“रिमोट चालत नाही आजपासून,” ती म्हणाली. “सेल नाहीत त्यात.”

मुरलीधर खाली बसला.  दिव्याच्या उजेडात त्याच्या बोटांची नखं स्पष्ट दिसत होती, त्यांतली ग्रीसची काळी रेघसुद्धा. त्याने हात टेबलाखाली घेतले.

“सुनेत्रा, ऐक ना. मी तुला अंधारात पाठवणार नव्हतो. मी नवीन डबा आणला, तो टेस्ट केला. माझा कंदील चालतो, विचार हवं तर...”

“वरण घ्या,” ती म्हणाली.

त्याने घेतलं नाही. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, आवाजही चढवला नाही. भातावर तूप सोडलं, दिवा जरा बाजूला सरकवला, म्हणजे मुलीचा चेहरा नीट दिसेल, आणि तिच्याशी बोलली.

“प्रतीक्षा, उद्या दुपारी मी निघते. सोमवारी संध्याकाळपर्यंत येईन. दिवा झोरानचाच नेते. गाडीतली जागा अंजूला दिली. बाबा घरीच आहेत.”